जोडीचा फोटो

माझ्या आईचं माझ्या वडिलांशी लग्न झालं होतं, हे सिद्ध करायची पाळी माझ्यावर येईल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. त्या लग्नाचा एक चालताबोलता, किंचित टक्कल पडलेला पुरावा म्हणजे मी स्वतः. पण सरकारी खिडकीत हा पुरावा चालत नाही. मी तो पुढे करून पाहिला. खिडकीतल्या बाईंनी मला डोक्यापासून शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत न्याहाळलं (खिडकीच तेवढी होती) आणि त्या म्हणाल्या, "तुम्ही कोण ते नाही विचारलं मी. जोडीचा फोटो आणा."

पण थांबा, मी खिडकीपाशी फार लवकर पोचलो. प्रत्यक्षात तिथे पोचायला पुष्कळ दिवस लागले होते.

बाबा पाणीपुरवठा खात्यात होते. निवृत्त होऊन निवांत पेन्शन घेत होते, आणि एके दिवशी दुपारचा चहा पिऊन खुर्चीत डोळे मिटून बसले ते बसलेच. गडबड, आरडाओरडा त्यांना जन्मात आवडला नाही, गेलेही तसेच. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ संपली आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. अशा एका संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे नियमकाका आले.

नियमकाकांना त्यांचं खरं नाव आहे, पण ते टपालवाल्यालाही आठवत नाही. लोक जशा कादंबऱ्या वाचतात तसे ते शासनाचे नियम वाचतात. एखादं परिपत्रक आवडलं तर पुन्हा पहिल्यापासून वाचतात. सांत्वनाचे दोन शब्द बोलून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. "वहिनींना कुटुंब निवृत्तिवेतन लागू होतं. अर्ज केलास का?"

"काका," मी म्हणालो, "मी आहे ना. आईला काय कमी आहे?"

हे वाक्य मला स्वतःला फार आवडलं. आईचे डोळे भरून येतील, बायको आदराने बघेल, काका गहिवरतील, अशी माझी अपेक्षा होती. आतून आईचा आवाज आला, "मला ती पेन्शन हवी आहे."

मी म्हटलं, "अगं पण..."

"पण नाही आणि बिण नाही. साबण संपला तरी मी तुझ्या तोंडाकडे बघत बसायचं का? हे सांगून गेलेत मला. माझ्यामागे तुला कुणापुढे हात पसरावा लागायचा नाही, सगळी सोय केलीय म्हणाले. यांचा शब्द आहे तो."

"मी 'कुणी' आहे का?" मी विचारलं. माझा आवाज जरा चिरका लागला असावा, कारण बायकोने मला कोपराने ढोसलं.

"तू माझा लेकच आहेस रे," आई बाहेर येत म्हणाली. "म्हणून तर तुझ्यापुढे नको." एवढं बोलून ती बाबांच्या रिकाम्या खुर्चीचं कव्हर नीट करायला लागली. ते नीटच होतं. बाबा गेल्यापासून ती एका दमात इतकं बोलली नव्हती. मला वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी एका फ्रीज कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण विभागात आहे. 'निवारण' हा शब्द आमच्याकडे पाटीवर आहे. बाकी आमचं काम म्हणजे समोरच्याचं शांतपणे ऐकून घेणं, "आपली अडचण समजते" म्हणणं आणि त्याला दुसऱ्या टेबलाकडे पाठवणं. या कामात मी इतका तरबेज आहे की माझ्याकडून गेलेला माणूस आभार मानून जातो. तेव्हा सरकारी कचेरीत आपल्याला कोण टोलवणार, असा माझा समज होता. पहिल्याच खिडकीत आतला माणूस म्हणाला, "आपली अडचण समजते. वरच्या मजल्यावर जा." मी जिन्यात पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्याचे आभार मानून आलोय.

वरच्या मजल्यावर त्या बाई होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, टेबलावर पाण्याची बाटली, आणि बाबांची फाइल हातात. माणूस म्हणून बऱ्या होत्या, पण रिकामा रकाना दिसला की त्यांच्या कपाळावर आठी यायची. पहिली आठी आली ती एका प्रतिज्ञापत्रावर. पतीच्या मृत्यूनंतर मी पुनर्विवाह केलेला नाही, असं आईने लिहून द्यायचं होतं.

"बाई, माझी आई..." मी तिचं वय सांगितलं. तिचे गुडघेही सांगितले.

"कायद्याला गुडघे नसतात," बाई म्हणाल्या. "सही आणा."

आता हे आईला विचारायचं कसं? मी बायकोला म्हटलं, तू विचार. ती म्हणाली, "अहो, आई तुमची." नियमकाका म्हणाले, "मी विचारणं बरं दिसणार नाही." समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींना यातलं काही सांगायचं नव्हतं, म्हणजे त्यांना ते आधीच कळलं होतं. त्या म्हणाल्या, "आडून आडून विचारा." मी जेवताना आडून विचारायला सुरुवात केली. आयुष्य, एकटेपणा, माणसाला सोबत लागते वगैरे बरंच बोललो. आई घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. शेवटी मी कागदच पुढे केला. तिने चष्मा लावून तो वाचला, पुन्हा वाचला, आणि तिच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं, रडतेय. हातातला घास सोडून मी उठलो तर ती हसत होती.

"लिही," ती म्हणाली, "वेळच मिळाला नाही म्हणून लिही." आणि इतकी हसली की बायकोला पाणी आणावं लागलं. हसता हसता ती सवयीने खुर्चीकडे वळली, बाबांना सांगायला. मग तिने कागद पुढे ओढला आणि सही केली.

ही सही मी मोठ्या दिमाखात बाईंपुढे ठेवली. त्यांनी फाइल उलटली. दुसरी आठी आली.

"जोडीचा फोटो कुठाय? पतिपत्नीचा एकत्र काढलेला. हा निवृत्तीच्या वेळीच जोडायचा असतो. इथे तुमच्या वडिलांनी लिहून दिलंय बघा, 'फोटो मागाहून जोडतो.'"

"मग?"

"मग काय, जोडला नाही. रकाना रिकामा ठेवून फाइल वर जात नाही."

जन्मभर दुसऱ्यांच्या नळाला मीटर वेळेवर जोडणाऱ्या माझ्या बाबांनी हे एक काम मागाहूनवर टाकलं होतं. का, ते घरी आल्यावर कळलं. कपाटातले सगळे अल्बम जमिनीवर पसरून आम्ही तिघं बसलो. फोटोंना तोटा नव्हता. बाबा बाकावर. आई बाकावर. बाबा धरणाच्या भिंतीपाशी. आई धरणाच्या भिंतीपाशी. मी, उघडाबंब, बादलीत. (हा फोटो इतक्या ठिकाणी का चिकटवलाय, हा प्रश्न मी पूर्वीही विचारला आहे.) पण आई आणि बाबा एका फोटोत? शपथेला एक नाही. माझ्या लग्नातसुद्धा कॅमेरा आळीपाळीने त्या दोघांच्याच हातात होता.

"असायचा कसा?" आई म्हणाली. "आमच्या लग्नात यांच्या मित्राने दिवसभर फोटो काढले. हसा म्हणाला, हसलो. इकडे बघा म्हणाला, बघितलं. संध्याकाळी कळलं, कॅमेऱ्यात रोलच नाही. यांनी त्या दिवशी ठरवलं, आपल्या घरचे फोटो परक्या हाताने काढायचे नाहीत. पहिल्या बोनसमध्ये कॅमेरा घेतला. एकतर हे माझा काढायचे, नाहीतर मी यांचा. मला शिकवलं यांनी. ऊन पाठीशी घे, श्वास रोखून धर, मग दाब."

"अगं, एखाद्या वाटसरूला नाही का सांगायचं?"

"वाटसरू कॅमेरा घेऊन पळाला तर?" आईने मला बाबांच्याच आवाजात विचारलं.

बातमी इमारतीत पसरली आणि सल्ल्यांचा पूर आला. नियमकाकांनी थेट मंत्रालयाला लिहायचं ठरवलं आणि मसुदाही करून आणला. त्यात 'सबब' हा शब्द इतक्या वेळा होता की विषय कुठला ते सापडेना. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, हल्ली काय, कुणालाही कुणाच्याही शेजारी उभं करतात. माझ्या भाच्याचा सिंहाबरोबर फोटो आहे." मला हा सल्ला नको होता. पण पुढच्या खेपेला बाई म्हणाल्या की महिनाअखेर फाइल बंद होईल, मग सगळं पहिल्यापासून. त्या दिवशी घरी आलो तर आई साबणाचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवत होती. माझ्याकडे काही मागायचं नाही म्हणून. ते बघितलं आणि मी कोपऱ्यावरचा स्टुडिओ गाठला.

स्टुडिओवाला उत्साही माणूस होता. बाबांचा ओळखपत्रावरचा एक आणि आईचा एक फोटो मी त्याला दिला. "दोघांना शेजारी आणा. बास. जास्त काही करू नका," असं मी बजावून सांगितलं. 'जास्त काही करू नका' हे कलावंताला सांगू नये. संध्याकाळी पाकीट घ्यायला गेलो तर हा म्हणतो, "साहेब, तुमच्या वडिलांच्या फोटोत खांदा अर्धाच होता. म्हणून आमच्या मेव्हण्याचं अंग लावलं. कोट चांगला बसलाय. आणि हात ठेवलाय आईंच्या खांद्यावर. हाताचे वेगळे पैसे लावलेले नाहीत."

फोटो बघून मी कपाळाला हात लावला. बाबांचं साधं, किंचित वैतागलेलं तोंड एका पैलवानाच्या कोटातून वर आलं होतं, आणि टायसुद्धा होता. पण दुसऱ्या दिवशी आईला घेऊन सहीसाठी कचेरीत जायचं होतं, वेळ उरला नव्हता. सरकार फोटो बघतं कुठे, नुसता टाचतं, अशी मी माझ्या मनाची समजूत घातली. आईला मात्र तो दाखवला नाही. पाकीट चिकटवूनच टाकलं.

आई ठेवणीतले कपडे घालून निघाली. तिची ती जुनी कापडी पिशवी कोपराला अडकवलेली होतीच. आई, बायको आणि मी रांगेत उभे राहिलो, नंबर आला, मी पाकीट सरकवलं. बाईंनी ते उघडलं, चष्मा नाकावर वर चढवला, मग पुन्हा खाली घेतला. फोटो आईपुढे धरून त्यांनी विचारलं, "आजी, हे तुमचे मिस्टर?"

आईने फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला. मी मनातल्या मनात तिला खुणा करत होतो, आणि मनातल्या खुणा आईला कधीच कळलेल्या नाहीत.

"तोंड यांचंच आहे," आई म्हणाली. "बाकीचा माणूस मी कधी पाहिलेला नाही."

मागे रांगेत कुणीतरी खुसखुसलं.

"आणि हा हात कुणाचा?" बाईंचा आवाज चढला.

"काय माहीत बाई. यांचा नाही. चार लोकांत यांनी असा हात कधी ठेवलाच नाही."

"ही फसवणूक आहे!" बाई माझ्याकडे वळल्या. "सरकारी फाइलमध्ये खोटा फोटो? पोलिसांत देईन मी!" माझी पाचावर धारण बसली. रोज लोकांच्या तक्रारी ऐकून घेणारा मी, माझ्या तोंडून एवढंच निघालं, "आपली अडचण समजते." अख्खी रांग माझ्याकडे बघत होती. मागच्या एका गृहस्थांनी तर आपली बॅग या हातातून त्या हातात घेतली.

"नका हो रागावू," आई म्हणाली. "मुलगा माझा साधा आहे. असलं त्याला जमत नाही, म्हणून तर लगेच पकडला गेला. त्याने माझ्यासाठीच केलं." मग तिने कोपरावरच्या पिशवीत हात घातला आणि रबर लावलेला फोटोंचा गठ्ठा काढला. हा तिने कधी आणला, मला पत्ताच नव्हता. तिने खिडकीच्या फळीवर ते एकेक करून मांडायला सुरुवात केली. "हे बघा. हे बाकावर. आता हा त्याच बाकावर माझा. हे धरणावर. ही मी. यांच्या पायाशी बघा ना, फोटोत खाली. माझी सावली आहे. आणि माझ्या पायाशी यांची. आम्ही एकत्रच होतो हो. फक्त एकजण कॅमेऱ्याच्या मागे असायचा."

मी वाकून बघितलं. हे अल्बम मी लहानपणापासून चाळतोय, आणि मला ती सावली कधी दिसली नव्हती. प्रत्येक फोटोत बाबा, आणि त्यांच्या पायापर्यंत आलेली एक ठेंगणी सावली. आईच्या फोटोत एक उंच, काटकुळी. आणि इतर वेळी कायम वैतागलेले बाबा या फोटोंमध्ये हसत होते, कारण समोर आई होती. माझ्या बायकोने माझा हात घट्ट धरला. चार लोकांत.

बाईंनी एकेक फोटो उचलून पाहिला. "आजी," त्या जरा नरमून म्हणाल्या, "पण सावली चालत नाही हो. सावली कुणाचीही असू शकते."

"माझीच आहे. ही पिशवी बघा ना कोपराला. फोटो काढतानासुद्धा मी ती खाली ठेवायची नाही. ठेवली की हे ओरडायचे. चोरीला जाईल म्हणून."

बाई उठल्या. फोटो घेऊन आत गेल्या. थोड्या वेळाने त्यांच्यामागून एक साहेब बाहेर आले, हातात चहाचा कप तसाच. त्यांनी फोटोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि दाराकडे पाहिलं. दारातून ऊन थेट आत आलं होतं.

"आजी, जरा इथे उभ्या राहता? उन्हाकडे पाठ करून."

आई उभी राहिली. "कॅमेरा धरायचा का?" तिने विचारलं, आणि साहेब काही म्हणायच्या आत तिने दोन्ही हात डोळ्यांपाशी नेले. एक कोपर वर, त्यावर पिशवी लोंबलेली. श्वास रोखून धरला. फरशीवरून तिची सावली साहेबांच्या बुटांपर्यंत गेली. ठेंगणी, डोक्याशी दोन हात, कोपराला पिशवी. फोटोतली जशीच्या तशी.

मग मघाशी बॅग सांभाळणारे ते गृहस्थ ओरडले, "तीच हो, तीच! मी साक्ष देतो!"

"मीही देते," कुणी बाई म्हणाल्या. रांगेतला प्रत्येकजण साक्ष द्यायला तयार झाला. नियम असा निघाला की फोटो उपलब्ध नसेल तर कारण नमूद करून अधिकाऱ्याच्या सहीने फाइल पुढे जाऊ शकते. हा नियम नियमकाकांना माहीत नव्हता, आणि नंतर कळल्यावर ते दोन दिवस जेवले नाहीत. फोटो नसल्याचं कारण खिडकीतल्या बाईंनी स्वतः लिहिलं: 'पतिपत्नी नेहमी परस्परांचे फोटो काढत असल्याने एकत्रित फोटो नाही.' बाकावरचे दोन फोटो त्यांनी रिकाम्या रकान्यात शेजारी शेजारी टाचले. टाचताना टाचणी चेहऱ्यावर येणार नाही एवढी काळजी घेतली.

मेव्हण्याचा फोटो त्यांनी मला परत दिला. "हा घरी न्या," त्या म्हणाल्या, "आणि नीट लपवून ठेवा." मी मान खाली घालून तो खिशात टाकला. जिना उतरताना आई म्हणाली, "कोट मात्र चांगला होता रे." आणि पुन्हा तिचे खांदे हलायला लागले.

यथावकाश पेन्शन सुरू झाली. पहिल्या महिन्यात आई एकटीच बँकेत जाऊन आली. मी सोबत येतो म्हटलं तर नको म्हणाली. मला वाटलं, साबण आणेल. साबण आणला होताच, पण पिशवीतून एक लहानशी डबी निघाली. कॅमेऱ्याचा रोल. स्टुडिओवाल्याने माळ्यावरून शोधून दिला होता, मुदत टळलेला, पण 'चालेल' म्हणून.

"यांचा शब्द खरा झाला," ती म्हणाली. "आता ऊठ. खुर्ची घे आणि गॅलरीत चल."

मी बाबांची खुर्ची गॅलरीत नेली आणि तिच्यावर बसलो. बाबा गेल्यापासून मी त्या खुर्चीत बसलो नव्हतो. आईने कपाटातून कॅमेरा काढला, रोल घातला, आणि झाकण उघडून पुन्हा एकदा बघितलं की रोल आहे ना. मग उन्हाकडे पाठ करून उभी राहिली. तिची सावली माझ्या पायांशी आली. कोपराला पिशवी होतीच.

"अगं आई," मी म्हणालो, "आपल्याच घरात आहोत. पिशवी तरी ठेव खाली."

"नको," ती कॅमेऱ्यामागून म्हणाली. "हे ओरडतील."